पुपुसा थापताना फुटतोय, मदत हवी आहे

ह्यूस्टनला लेकीकडे होते तेव्हा शेजारच्या एल साल्वाडोरच्या काकूंनी पुपुसा खाऊ घातला. मक्याची जाडसर भाकरी, आत वाटून परतलेला लाल घेवडा आणि वितळणारं चीज. सोबत कुर्तिदो, म्हणजे कोबी-गाजराचं व्हिनेगरमधलं आंबट लोणचं. भरायचं पुरणपोळीसारखंच, पण लाटणं नाही, ओल्या हातावर थापायचं.

पुण्यात येऊन दोनदा केला, दोन्ही वेळा फजिती. गिरणीतून आणलेलं मक्याचं पीठ कोमट पाण्यात मळलं, तर कडांना भेगा आणि चीज सगळं तव्यावर. (तवा घासायला अर्धा तास!) तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग दळतात, म्हणून पीठ धरून राहतं. ते तयार पीठ, मासा हरिना, इथे फार महाग पडतं.

कोणी मोदकासारखी उकड काढून केलाय का? थोडी तांदळाची पिठी घातली तर चव बिघडेल? की सुका मका घरीच खायच्या चुन्यात शिजवू? किलोला चुना किती, ते अनुभवी लोकांनीच सांगा. आणि मैदा घाला म्हणू नका, आमच्याकडे ह्यांना चालत नाही.