आजोबा नेमके कोणत्या संपात होते, १९४६ की १९६०?

गिरगावची नात:
माझे आजोबा (आईचे वडील) मुंबईत पोस्टमन होते. १९४९ ला लागले, १९८३ ला रिटायर झाले. बीट काळबादेवीची. घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: ११ जुलैच्या रात्री संप सुरू झाला, आजोबांना पोलिसांनी उचललं आणि आजी दादरला माहेरी गेली. पण हा संप कोणता, यावर दोन्ही मामांचं पटत नाही. थोरले म्हणतात १९४६, कारण 'तेव्हा अख्खं कलकत्ता बंद पडलं होतं' असं आजोबा सांगायचे. धाकटे म्हणतात १९६०. ट्रंकेत युनियनच्या वर्गणीच्या पावत्या मिळाल्या. वर एन.एफ.पी.टी.ई. छापलंय, रक्कम चार आणे, तारखेचा कोपरा वाळवीने खाल्लाय. कुणी जुनं माणूस सांगेल का? आणि ही युनियन अजून आहे का?

आरएमएसवाला, मनमाड:
धाकट्या मामांना पेढे द्या. १९४९ ला लागलेला माणूस ४६ च्या संपात कसा असेल? पण थोरल्यांनाही हसू नका, कारण दोन्ही संप ११ जुलैचेच. डोक्यात सरमिसळ होणारच.

१९४६ चा संप पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतल्यांच्या युनियनने पुकारला. तिचे अध्यक्ष आपल्या मुंबईचेच, व्ही. जी. दळवी. फेब्रुवारीत मुंबईत नौदलाचं बंड होऊन गेलेलं, महागाईने माणसं पिचलेली. आधी पोस्टमन बाहेर पडले, मागोमाग तार आणि टेलिफोनवालेही. २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी कलकत्त्यात सार्वत्रिक संप झाला. तोच तो 'कलकत्ता बंद'. पुढे अठराच दिवसांनी, १६ ऑगस्टला, त्याच शहरात दंगली पेटल्या आणि पोस्टमनांसाठी एक झालेलं कलकत्ता सगळे विसरले. आजोबा नव्याने लागले तेव्हा ऑफिसातले जुने पोस्टमन हाच विषय घोळवत असणार. आम्हीसुद्धा सीनियरांच्या संपांच्या गोष्टी आपल्याच असल्यासारख्या सांगायचो.

आता पावती. एन.एफ.पी.टी.ई. म्हणजे पोस्ट आणि तार कर्मचाऱ्यांचं राष्ट्रीय फेडरेशन, आणि ते मुळातच नोव्हेंबर १९५४ चं. त्याआधी पोस्ट आणि तार खात्यात युनियनांचं पीक होतं. ते सगळं एका छत्राखाली आणून श्रेणीनुसार नऊ युनियन केल्या. पहिले अध्यक्ष पुन्हा दळवीच. आजोबा पोस्टमन म्हणजे 'पी-फोर'. क्लार्क 'पी-थ्री', आम्ही आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमधले सॉर्टर (पत्रं गावांप्रमाणे लावणारे) 'आर-थ्री'. खात्यात आजही याच भाषेत बोलतात. नवे पैसे एप्रिल १९५७ मध्ये आले, तेव्हा चार आणे छापलेली पावती बहुधा त्याच्या अलीकडची.

आजोबांचा संप १९६० चाच. दुसऱ्या वेतन आयोगाने किमान पगार ८० रुपये ठरवला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत जे निकष सरकारनेच मान्य केले होते, त्यांनी हिशोब केला तर १२५ व्हायचे. भांडण एवढंच. ११ जुलैच्या मध्यरात्रीपासून केंद्र सरकारचे कर्मचारी बाहेर पडले. सरकारने आधीच वटहुकूम काढून संप बेकायदा ठरवलेला, हजारो लोक आत. पाच दिवसांत संप मागे घ्यावा लागला. म्हणजे हरलेच. मला मात्र या संपाचं कौतुक वाटतं, कारण समोर इंग्रज नव्हता, नेहरूंचं सरकार होतं आणि नेहरूंवर जीव टाकणारेच कितीतरी लोक त्यात होते.

लोक युनियनचा इतिहास संपांच्या तारखांनी सांगतात. मी सरकारने युनियनला दिलेल्या 'मान्यते'ने सांगतो. मान्यता असली की बसायला खोली, गेटजवळ नोटीस बोर्ड, पगारातून वर्गणी आणि सुपरिंटेंडेंटला महिन्याकाठी भेटायचा हक्क. नसली की बोर्डही उतरतो. १९६० ला काढली, नंतर परत दिली. १९ सप्टेंबर १९६८ च्या एका दिवसाच्या संपानंतर पुन्हा काढली. मी १९७० ला लागलो तेव्हा आमच्या सेटमधला (डब्यातल्या टोळीतला) एक सॉर्टर ६८ ला घरी बसून नुकताच परत आलेला. टेम्पररी होता, 'रूल फाइव्ह'खाली एका नोटिशीत गेला. रूल फाइव्हची गंमत अशी की कारण सांगावंच लागत नाही. हा गडी चालत्या डब्यात खणांसमोर उभा राहून पत्रं टाकायचा आणि प्रत्येक नव्या पोराला पहिला प्रश्न, "कन्फर्म झालास का?" नाही म्हटलं की, "मग मीटिंगला मागे उभा राहा."

१९८५ ला पोस्ट आणि टेलिकॉम वेगळे झाले, त्यापाठोपाठ फेडरेशनचीही वाटणी. पोस्टाकडे एन.एफ.पी.ई. आली, म्हणजे फक्त पोस्ट कर्मचाऱ्यांचं फेडरेशन.

बीपीएम ताई, संगमेश्वर:
काका, सगळं बरोबर, पण खेड्यातल्या आम्हा लोकांना तुमच्या पी-फोर, आर-थ्रीत जागा कुठे होती? ईडी म्हणजे 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल', खात्याबाहेरचे अर्धवेळ कर्मचारी. ईडी म्हणून सासरे तीस वर्षं राबले. नियमच असा की पोटापाण्याचं दुसरं साधन हवं, मग पोस्टाचं काम. १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ईडी लोकांचं पद 'सिव्हिल पोस्ट' मानलं, तरी पगार म्हणायचा नाही, भत्ता म्हणायचा. डिसेंबर २००० मध्ये चौदा दिवस संप झाला. २०१८ ला २२ मेपासून आम्ही सोळा दिवस ऑफिसं बंद ठेवली. मी बीपीएम, म्हणजे ब्रँच पोस्टमास्तर, आणि माझं ऑफिस म्हणजे घराची पडवी. कुलूप घालायला दारच नाही, म्हणून तारखेचा शिक्का आणि वजनकाटा ट्रंकेत घातला आणि लोकांना हात जोडले. आजीबाई आरडीचे पैसे घेऊन येत, परत जात, मलाच शरम वाटे. ६ जूनला मंत्रिमंडळाने वाढीव भत्त्याला मंजुरी दिली. काहींचा मूळ भत्ता २,२९५ होता, तो १० हजारांवर गेला. पेन्शनचं घोंगडं अजून भिजतच आहे.

आरएमएसवाला, मनमाड:
ताई, मान्य. आमच्या मीटिंगांत ईडींचा ठराव शेवटून दुसरा असायचा, चहा आल्यावर.

गिरगावची नात:
काका, मान्यतेचं आता काय?

आरएमएसवाला, मनमाड:
एप्रिल २०२३ मध्ये एन.एफ.पी.ई. ची पुन्हा काढली. निमित्त देणग्यांचं: शेतकरी आंदोलनाला ३० हजार, सीटू या डाव्या कामगार संघटनेला ५० हजार आणि डाव्या पक्षाच्या दुकानातून घेतलेली पुस्तकं. वर्गणीदारांच्या पैशातून राजकीय देणगी द्यावी का, हा प्रश्न खोटा नाही. मी मीटिंगमध्ये असतो तर विरोधच केला असता. पण त्यासाठी लाखभर माणसांचा बोर्ड उतरवायचा?

पावत्यांना लॅमिनेशन करू नका. आणि मागची बाजू बघा, आमच्याकडे ट्रेझरर मागे महिना लिहायचा.

गिरगावची नात:
मागे पेन्सिलीत 'मार्च ५६' आहे! थोरल्या मामांना फोटो पाठवलाय. ते म्हणतायत, पावती दुसऱ्या कुणाची असेल.