मदत हवी आहे: आईच्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ११ मिमी, बायॉप्सी करावी का?

निशिगंध: रिपोर्टमध्ये 'एंडोमेट्रियम ११ मिमी, जाड' असं आहे, म्हणजे तेच अस्तर. डॉक्टर मॅडम बायॉप्सी करू म्हणतात. पॅप स्मिअर नॉर्मल आहे, मग बायॉप्सी कशाला? लवकर सांगा, गूगल करून डोकं फिरलंय.

चिवट वेल: वय? पाळी चालू आहे की गेली? चालू असेल तर ११ मिमी काहीच नाही.

भोचक भवानी: सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करून घ्या. माझ्या मावशीचं त्यातच कळलं.

चिवट वेल: भवानीताई, मावशींना अंडाशयाचा कॅन्सर होता ना? इथे गर्भाशयाच्या अस्तराचं चाललंय. सीए-१२५ फायब्रॉइडमध्येही (गर्भाशयातल्या साध्या गाठी) वाढतं. उगाच घोर लावू नका.

भोचक भवानी: केलं तर बिघडलं कुठे? तुम्हाला प्रत्येक धाग्यात खोट काढायची सवयच आहे.

निशिगंध: पाळी केव्हाच गेली. डाग पडत होते म्हणून तर सोनोग्राफी केली ना! मुद्द्याचं बोला प्लीज.

साधासुधा: बायॉप्सी अजिबात नको. सुरी लागली की कॅन्सर पसरतो.

लॅबवाली: सुरी कुठून आली? बारीक नळीने अस्तराचा नमुना ओढून घेतात, त्याने पसरत नाही. पॅप स्मिअर गर्भाशयमुखासाठी असतो, आतलं त्यात बहुधा सापडत नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या साधारण १० पैकी ९ बायकांना कॅन्सर नसतो. पण ज्यांना अस्तराचा कॅन्सर निघतो त्यांतल्या बहुतेकींना आधी रक्तस्रावच झालेला असतो, म्हणून अशा वेळी अस्तर ४ मिमीच्या वर गेलं की तपासतात. आई औषधं कोणती घेतात?

मुक्ता: मुलीला एचपीव्ही विषाणूची लस द्यायची आहे. अस्तराच्या कॅन्सरलाही चालते का?

चिवट वेल: नाही. ती मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी, त्यातले ७०% एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांमुळे होतात. वेगळा धागा काढा.

निशिगंध: बीपीची गोळी आणि टॅमॉक्सिफेन. ब्रेस्टचं ऑपरेशन झालंय, पण ते बरं झालं, त्याचा इथे काय संबंध?

लॅबवाली: अहो, सगळा संबंध तिथेच आहे! टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेन या हार्मोनला अडवतं, पण गर्भाशयात स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. अस्तर वाढतं, पॉलिप (अस्तरावरचे छोटे कोंब) होतात, कॅन्सरचा धोकाही वाढतो. शिवाय या गोळीवर अस्तर सोनोग्राफीत उगीचच जाड दिसू शकतं, त्यामुळे मिमीवरून काही ठरवता येत नाही. रक्त दिसलंय म्हणजे नमुना घ्यायलाच हवा. हिस्टेरोस्कोपीचंही विचारा, दुर्बिणीतून पॉलिप दिसतो, नुसत्या नळीला तो चुकू शकतो. आणि गोळी परस्पर बंद करू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

साधासुधा: म्हणजे गोळीनेच झालं! आधीच सांगत होतो, ही औषधं...

लॅबवाली: काहीही 'झालेलं' नाही अजून. ही गोळी स्तनाचा कॅन्सर उलटू नये म्हणून देतात.

निशिगंध: मॅडमना गोळीचं सांगितलंच नव्हतं. उद्या जुनी फाइल घेऊन जाते. बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये काय बघायचं?

लॅबवाली: 'हायपरप्लेसिया' (अस्तराची जास्तीची वाढ) असेल तर पुढे 'एटिपिया' (पेशी विचित्र दिसणं) आहे की नाही ते. एटिपिया नसेल तर बहुधा औषधांवर भागतं. असेल तर पाळी गेलेल्या बाईला सहसा गर्भाशय काढायला सांगतात.

मुक्ता: लसीचा धागा काढलाय, तिकडे या.