मॉडेस्ट माउस: २००० ची सीडी घेऊ की २००४ ची?

मंडळी, जरा मदत हवी आहे. मॉडेस्ट माउस या अमेरिकन रॉक बँडचा 'द मून अँड अंटार्क्टिका', म्हणजे २००० साली एपिक या रेकॉर्ड कंपनीकडून आलेला, मोठ्या लेबलवरचा त्यांचा पहिलाच अल्बम, गेले दोन महिने रोज रात्री हेडफोन लावून ऐकतोय आणि आता सीडी घ्यायचीच आहे. पण २००४ ला तो परत काढला ना, कव्हर वेगळं, शेवटी बीबीसी रेडिओसाठी वाजवलेली चार गाणी जास्त आणि साउंडवरही नव्याने काम केलेलं, त्यामुळे अडकलोय. मला शिकागोत रेकॉर्ड केलेला तो मूळचा गार, लांबून येणारा आवाजच हवाय (गायक आयझॅक ब्रॉकचा जबडा तेव्हाच मोडलेला, तरी काय गायलाय!). दोन्ही नीट ऐकलेलं कुणी आहे का? बास आणि गिटारमध्ये फरक कळतो का? प्लीज सांगा.