अलिबागकडे गावाला कसं जायचं? (शनिवार, घराची कौलं चाळायची आहेत)

दादा (परळ): शनिवारी कौलं चाळायला माणसं येतायत, कोण कोण येणार ते आजच सांगा. मी गाडी काढतोय, अटल सेतूवरून. दोन जागा आहेत

वहिनी: सेतूचा टोल एकेरी 250, आणि पुढे वडखळला अडकलो की काय उपयोग? रोरो बोटीने जाऊ ना, भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट तासाभरात मांडवा. 2020 ला सुरू झाल्यापासून मी तरी दुसरा रस्ता बघितला नाही

मोठे काका: मी लाँचने. भाऊचा धक्का ते रेवस

आत्या: झालं सुरू 😀 ओहोटी बघून निघ बाबा, मागच्या वेळी गाळामुळे लाँच लांबच उभी होती आणि तू फोनवर ओरडत होतास

मोठे काका: ओरडत नव्हतो, रेंज नव्हती. अगं पण आपल्याला मुंबई म्हणजे रेवसच होतं ना, आईचं वालाचं गाठोडं, कांद्याच्या माळा, सुकटीचा वास, लाँच लागली की सगळे एसटीकडे पळत सुटायचे आणि मी लहान म्हणून मला खिडकीतून आत टाकायचे सीट धरायला. मांडव्याला तेव्हा कोण जायचं?

आत्या: पावसात मात्र आजी सोडायची नाही लाँचने. रामदास बोट रेवसलाच निघालेली, 17 जुलै 1947 ला बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. गटारी आली की आजी हमखास ते काढायची

अण्णा (गाव): काका या, पण गर्दी शोधू नका. आता लाँचने आपलीच माणसं उतरतात, नाहीतर खाडीपलीकडच्या करंजाची, तरीतून (छोट्या फेरीबोटीतून) बाईक घेऊन येणारी. टूरिस्ट सगळा मांडव्याला

चिनू: मग मांडव्याची मजा आहे ना, जेटीवर काय मस्त झालंय

अण्णा (गाव): जेटीची मजा आहे. गेटवेच्या कॅटामरानच्या तिकिटातच अलिबागची बस, उतरला की बसमध्ये. बाकीचे आपापल्या बंगल्यावर. गावात चहाला तरी कोण थांबतं? हां, जागेचे भाव मात्र वाढले, ते विकणाऱ्याला विचार

चिनू: पण रेवस करंजा पूल होतोय ना, मग रेवसला परत चांगले दिवस

मोठे काका: हा पूल मी अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय. होऊ दे, पेशंट घेऊन उरणला जायचं तर वडखळचा वळसा वाचेल, ते चांगलंच आहे. पण गाडीवाला रेवसला ब्रेक कशाला मारेल? आणि करंजाची तर बंद झाली की धक्क्यावरचे भजीवाले, रिक्षावाले कुणाच्या जिवावर बसणार?

अण्णा (गाव): रिक्षावाले आत्ताच निम्मे मांडव्याला असतात काका

दादा (परळ): अरे मुद्दा कौलांचा आहे!! माणसं आठला येणार, कोणीतरी लवकर पोचा

अण्णा (गाव): मी आहे. काका, भरतीची वेळ बघून रात्री टाकतो, त्या हिशोबाने लाँच पकडा. रेवसला बाईक घेऊन येतो

वहिनी: काका जाताना मी पण तुमच्याबरोबर लाँचने 🙈 येताना नाही हां, पांढरे कांदे घ्यायचेत, ते दादांच्या गाडीतून

आत्या: माझ्या दोन माळा