मदत हवी आहे: पट 14 असलेल्या जि.प. शाळेची तुलना करायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी कणकवली तालुक्यातला. धाकटी लेक गावच्या जि.प. शाळेत तिसरीत आहे आणि यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलंय. पहिली ते सातवी मिळून पट 14, गुरुजी-बाई मिळून दोन.

मागच्या सभेत एका पालकाने सरळ विचारलं, "शेजारच्या गावातली शाळा आपल्यापेक्षा बरी, मग पोरं तिकडेच का नाही घालायची?" पुरावा काय, तर पाचवीच्या शिष्यवृत्तीत त्यांचा निकाल 100 टक्के, आमचा 50. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिथून बसलेलाच एक मुलगा! आमच्या दोघी होत्या, त्यातली एक तापाने फणफणलेली.

म्हणून आमच्या केंद्रातल्या (म्हणजे एका केंद्रप्रमुखाखालच्या आसपासच्या) पाच शाळांची धड तुलना करून सभेत ठेवावी म्हणतोय. यूडायसवर (शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर) पट, शिक्षक, वर्गखोल्या, शौचालयं सगळं शाळावार आहे, पण पोराला भागाकार येतो का ते नाही. मुलांना किती येतं ते बघणारं डिसेंबर 2024 चं 'परख' हे सरकारी सर्वेक्षण तिसरी, सहावी, नववीचं, तेही निवडक शाळांत आणि अहवाल जिल्ह्यापुरता. (दहावीला कोकण पहिला, हे कृपया सांगू नका. ते हायस्कूलचं झालं, माझा प्रश्न चौथीतल्या पोरांचा आहे.)

परवा दुपारी शाळेत बसून चौथीच्या दोघांना दुसरीचं पुस्तक वाचायला दिलं. एकाने धडाधड वाचलं, पण काय वाचलं ते सांगता येईना. दुसरा अक्षर अक्षर लावत होता. त्यालाच म्हटलं, साडेतीन किलो काजूबीचे किती होतील? माझं बोटांवर मोजून व्हायच्या आत उत्तर तयार. आता यातला हुशार कोण लिहू?

जाणकारांना, विशेषतः इथल्या शिक्षकांना विचारायचंय: टक्के सोडून तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करून "नवांपैकी पाच" असं मांडलं तर चालेल का? सत्राअखेरच्या संकलित चाचणीचे पेपर शाळेतच तपासतात, मग ते गुण दोन शाळांत ताडून बघण्यात अर्थ आहे का? आणि शाळावार आकडे केंद्रप्रमुख तोंडी मागितल्यावर देतात, की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्जच टाकावा लागतो? मुलांची नावं नकोच आहेत मला.

सभा पुढच्या शनिवारी आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं होईल.