लॅम्बोर्गिनी दिसली म्हणजे दुर्मिळ गाडी दिसली का?

फुटबोर्ड
परवा सासवडहून येताना दिवे घाट उतरलो आणि वडकीजवळ तीनचाकी टेम्पो उभा दिसला. छोटा हत्ती नव्हे. तो जुना, लांब नाकाचा, बजाज टेम्पोचा हॅन्सीट. नाकावर हळदकुंकवाची बोटं, मागे कडब्याच्या पेंढ्या. टायर नवे, म्हणजे गाडी चालती होती. मी माझी गाडी कडेला घेऊन दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

त्याच संध्याकाळी भाच्याने घरच्या ग्रुपवर कोरेगाव पार्कातल्या लॅम्बोर्गिनीचा फोटो टाकला. त्यावर बदामांचा पाऊस. मी टाकलेल्या टेम्पोच्या फोटोवर एकच प्रतिक्रिया: "मामा, हे भंगार कुठे सापडलं?"

माझं म्हणणं असं की लॅम्बोर्गिनी महाग आहे, दुर्मिळ नाही. पैसे टाका, नंबर लावा, येईल. हॅन्सीटचं तसं नाही. कंपनी १९५८ मध्ये जर्मन परवान्यावर सुरू झाली आणि या गाड्या इतक्या झाल्या की माल नेणाऱ्या कुठल्याही गाडीला आपण टेम्पो म्हणायला लागलो. शब्द घरोघरी राहिला, गाडी मात्र गेली. आता कितीही पैसे मोजा, नवी मिळणार नाही.

व्ही_ट्वेल्व
साफ असहमत. दुर्मिळ म्हणजे संख्येने कमी, बाकीचा सगळा तुमच्या लहानपणाचा उमाळा. गावोगाव गोठ्यामागे असे टेम्पो सडत पडलेत, ते कुणी मोजलेत का?

आणि सुपरकार बघणाऱ्यांना एवढं हलक्यात घेऊ नका. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. रविवारी पहाटे मला उठवून मरीन ड्राइव्हला नेतो, कारण एकदा ट्रॅफिक सुरू झाला की या गाड्या बाहेर निघत नाहीत. नुसत्या आवाजावरून सिलिंडर किती ते सांगतो. त्याला किंमत विचारा, माहीत नसते.

कृष्णाकाठ
आवाजाचंच म्हणाल तर डिझेल बुलेट. एन्फिल्डची टॉरस, ग्रीव्हजचं ३२५ सीसीचं इंजिन. शेतावरचा पंप रस्त्यावरून चालल्यासारखी यायची. आमच्या गल्लीत एक होती, पहाटे दूध घालायला निघाली की अख्खी गल्ली उठायची. मोटारसायकलींनाही या धाग्यात जागा द्या एवढंच म्हणणं, बाकी भांडा.

लेथवाला
तीस वर्षं गॅरेज चालवलंय, म्हणून कडू बोलतो. तुम्ही ज्यांना दुर्मिळ म्हणून कुरवाळता त्यातल्या निम्म्या गाड्या दुर्मिळ आहेत, कारण त्या वाईट होत्या.

स्टँडर्ड २००० घ्या. वरून इंग्लंडची रोव्हर एसडी१, एकदम मंत्र्याची गाडी. बोनेट उघडलं की आत स्टँडर्डच्याच जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या घराण्यातलं दोन लिटरचं इंजिन. पेट्रोल प्यायची आणि पळायची नाही. १९८५ला आली, १९८८ला संपली. बंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन गाडी फायबरची, दोन दारांची. मागे सासूबाईंना बसवायचं म्हणजे आधी पुढच्यांनी खाली उतरायचं. तोवर चार दारांची मारुती आलीच होती. गिऱ्हाइकाने नाकारलेल्या मालाला चाळीस वर्षांनी हार घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. डेंटिंगवाल्याला विचारा हवं तर.

फुटबोर्ड
@लेथवाला, डॉल्फिनबद्दल हरलो. पण पद्मिनीचं काय? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची मर्यादा वीस वर्षांची, म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. ती काही कुणी नाकारली नव्हती. १९९५ साली दादर स्टेशनबाहेर तिचा फोटो काढणारा माणूस वेडा ठरला असता. मी म्हणतो ती दुर्मिळता हीच. सगळीकडे असते तेव्हा दिसत नाही.

बाबांची_कॉन्टेसा
तुमचा वाद चालू द्या, पण ज्यांच्या गाड्या तुम्ही 'स्पॉट' करता त्यांचंही ऐका. आमच्याकडे १९९०ची हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आहे, जपानी इसुझूच्या इंजिनाची. एक्सप्रेसवेवर पोरं डावीकडून घुसतात, एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हातात मोबाइल. मागच्या वर्षी एकाने नंबर प्लेटसकट व्हिडिओ टाकला. आठवड्यात तीन अनोळखी फोन: "ताई, द्यायची आहे का?" नंबर कुठून मिळाला, कुणी सांगत नाही.

वर खर्च. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२मध्ये ५,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. फोटो काढा, पण नंबर झाका.

व्ही_ट्वेल्व
ताई, फोनचं वाईटच झालं. पण पाटी झाकली तर निम्मी मजा गेली हो. निळी पाटी दिसली की वकिलातीची, बाण दिसला की लष्कराची, काळ्यावर पिवळी अक्षरं दिसली की गोव्यात भाड्याने घेतलेली. १९८९च्या आधीची तीन अक्षरांची पाटी दिसली तर मी सिग्नल सुटल्याचंही विसरतो. आता एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा पाट्या, आल्यावर सगळ्यांचे चेहरे सारखेच. तुम्ही गाडीला विंटेजचा 'व्हीए' नंबर का नाही घेत?

बाबांची_कॉन्टेसा
कारण त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, आमची २०४०मध्ये बसेल. आणि व्हीए घेतला की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. मला ती मंडईत न्यायची असते. डिकीत गणपतीचं मखर आडवं मावतं.

निळ्या पाट्या बघा की खुशाल. माझा नंबर नको.

फुटबोर्ड
मान्य. टेम्पोचा फोटो हटवला, त्यात नंबर दिसत होता. मालकाला विचारायचं तेव्हा सुचलंच नाही.

लेथवाला
माझं मत बदललेलं नाही. पण @फुटबोर्ड, परत त्या बाजूला गेलात तर मालकाला गाठा. जुन्या बाजारातून आणलेला हॅन्सीटचा पुढचा दिवा माझ्याकडे वीस वर्षं पडलाय, काच अख्खी आहे. दोन वेळा भंगारात काढला आणि दोन्ही वेळा संध्याकाळी परत आत आणून ठेवला. पैसे नकोत.