मदत हवी आहे: सोलापुरात ईआरपी ही मानसोपचार पद्धत वापरणारं कुणी आहे का?

मंडळी, धाकट्या भावाला ओसीडी (नको ते विचार सतत येणं आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याचा आजार) आहे. एसटी स्टँडवर पोचलो तरी घराचं कुलूप ओढून बघायला हा परत अशोक चौकात! गोळ्या चालू आहेत, त्यांनी फरकही पडलाय. समुपदेशक मात्र दर वेळी बालपणच उकरतात. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड थोर असतील, पण कुलपाचं काय?

१९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी वेगळी वाट दाखवली, असं वाचलं: भीतीला सामोरं जायचं, पण तपासायला जायचं नाही; अस्वस्थता हळूहळू ओसरते. हीच पुढे ईआरपी झाली. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांची विचार तपासणारी सीबीटी (विचार आणि वर्तन बदलणारी उपचारपद्धत) सोबत घेता येते का? इथे प्रशिक्षित कुणी माहीत आहे? ऑनलाइनही चालेल, फक्त मराठी किंवा तेलुगूत बोलणारं हवं. "मन घट्ट कर" हा सल्ला आत्याने आधीच दिलाय.